मागेल त्याला काम : भाकरी आणि कुऱ्हाड

'फुकट देऊन लोक आळशी होतात' हे वाक्य आपण रोज ऐकतो. दुसऱ्या बाजूला गरिबाला धान्याची पिशवी दिली की कर्तव्य संपले, असे मानणारेही आहेत. या दोघांनीही महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा इतिहास वाचावा, असे मला वाटते.

दुष्काळात काम देऊन मजुरी देणे इंग्रजांच्या काळातही होते. पण तिथे काम ही गरिबाची परीक्षा होती. खरोखर उपाशी असेल तोच इतक्या कमी मजुरीवर खडी फोडायला येईल, असा हिशेब होता. १८७७ साली रिचर्ड टेंपल यांनी मजुरी आणखी घटवली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली.

१९७२च्या दुष्काळाच्या आठवणी आजही गावोगाव निघतात. मिलो, सुकडी, पाझर तलाव हे शब्द त्या काळाचे. मे १९७३मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासूनच सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पैसा उभा करण्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. सरकारची मर्जी जाऊन तिथे मजुराचा हक्क आला, हा खरा बदल होता. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याला याच अनुभवाचा आधार मिळाला.

दोषही होते. खोटे हजेरीपट, रखडलेली मजुरी, ऐनवेळी बंद होणारी कामे. यासाठी मजूर संघटनांना, त्यातही स्त्रियांना, वारंवार मोर्चे काढावे लागले.

पण मला अधिक मोठी वाटते ती दुसरी उणीव. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातील प्रसंग आपल्याला माहीत आहे. मागायला आलेल्या अन्सारी माणसाच्या घरातल्या दोन वस्तू पैगंबरांनी (स.) लिलावात दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला लावले, दुसऱ्याची कुऱ्हाड. मग लाकडे तोडून विकायला सांगून १५ दिवसांनी परत बोलावले. क्रम पाहा. आधी पोट, मग हत्यार, मग विचारपूस.

रोजगार हमीने पोट सांभाळले. १९९०मध्ये फळबाग लागवड तिला जोडली गेली, तेव्हा जमीन असलेल्याच्या हाती कुऱ्हाडही आली. भूमिहीन मात्र घमेल्यापाशीच राहिला. विणकर, पिंजारी, कल्हईवाला यांच्या हातातल्या कसबाची तर या योजनेत मोजदादच नव्हती, कारण काम म्हणजे अंगमेहनतीचे अकुशल काम.

आपल्या जमातींमध्ये दर रमजानला जकात गोळा होते आणि बरीचशी रेशनच्या पिशव्यांत संपते. ती पिशवी हवीच, पहिला दिरहम तोच आहे. मात्र वाटपाच्या यादीत तीच नावे वर्षानुवर्षे येत असतील, तर दोष त्या घरांना देण्याआधी आपण दुसरा दिरहम कुठे खर्च केला, हे वहीत तपासायला हवे.