अंतर आणि अवधी : रायगड किनाऱ्यावरील प्रवासमापन

स्थळांमधील अंतर आणि तेथे पोहोचण्यास लागणारा अवधी ह्या दोन भिन्न राशी होत. आधुनिक नकाशावर मोजलेले अंतर जुन्या काळच्या प्रवासास लावताना हा भेद पुष्कळदा दृष्टीआड होतो. रायगड जिल्ह्याचा (1981 पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारा ह्या भेदाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

प्रथम शब्दांचीच साक्ष घ्यावी. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’, म्हणजे आरोळी, यापासून आला. आरोळी ऐकू जाईल तेवढे ते अंतर. ‘योजन’ म्हणजे एकदा जू जोडून चालण्याची मजल, आणि ‘मजल’ हा अरबी शब्द मुक्कामाचा वाचक. ह्या सर्व मापांच्या मुळाशी भूमी नसून मनुष्याचा कंठ, बैलाचे बळ आणि दिवसाची मर्यादा आहे. किनाऱ्यावरील भाषेने त्यांत ‘उधाण’ व ‘भांग’ यांची भर घातली. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीस पायी गाठता येतो, भरतीस नाही. अंतर तेच, मार्ग मात्र चंद्राच्या स्वाधीन.

हा भेद युद्धातही निर्णायक ठरला. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. वारा पडला की इंग्रजांची शिडाची गलबते जागीच खोळंबत. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री किनाऱ्यावरून रसद घेऊन बेटावर पोहोचत. दोहों पक्षांसाठी समुद्र तोच होता, पण त्यांचा अवधी एक नव्हता. ही वेढ्याची कोंडी केवळ मैलांच्या हिशोबाने उलगडत नाही.

मुंबईहून मांडव्यास खुष्कीने जावयाचे तर 100 किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते. भाऊच्या धक्क्यावरून जलमार्ग 20 किलोमीटरांच्या आत आहे. 2020 मध्ये सुरू झालेली रो-रो बोट तो सुमारे तासाभरात कापते. परंतु जवळचा मार्ग म्हणजे निर्धोक मार्ग नव्हे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात उलटली आणि 600 हून अधिक माणसे बुडाली. वेळापत्रकातील अल्प अवधीत ऋतूचा उल्लेख नसतो. त्याचे मोल मात्र उतारूंस द्यावे लागले.

विमानप्रवासाने हा भेद पुसला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण ती टिकत नाही. मुंबई व लंडन यांमधील लघुतम अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, जाताना जितके तितकेच येताना. तरीही उंचावरील पश्चिमी वाऱ्यांमुळे लंडनकडे जाण्यास परतीपेक्षा सामान्यतः अधिक वेळ लागतो. 8 ऑक्टोबर 2025 रोजी पनवेल तालुक्यात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या जिल्ह्यात तांडेल वारा पाहून होडी हाकीत आला, तेथूनच आता वैमानिकही वाऱ्याचा हिशोब करून निघतो.

तात्पर्य, प्रवासाच्या इतिहासात प्रत्येक अंतरापुढे वाहन, ऋतू आणि दिशा यांची नोंद अवश्य करावी. केवळ आकड्याने दोन स्थळे किती दूर हे कळेल. तेथील माणसे परस्परांपासून किती दूर होती, हे कळणार नाही.