टेहळणीचे खेळ

टेहळणीचे खेळ : माग काढणे, लपतछपत पुढे सरकणे, सूक्ष्म निरीक्षण करणे, दिशा ओळखणे, निरोप पोहोचविणे इ. रानावनात उपयोगी पडणारी कौशल्ये काल्पनिक भूमिकांच्या द्वारे शिकविणारे खेळ. खेळाडू शिकारी, हरिण, जासूद, वेढ्यातील ठाण्याचा रक्षक यांपैकी एखादी भूमिका घेतो आणि प्रत्यक्ष भूप्रदेशावर ती पार पाडतो. बालवीर (स्काउट) चळवळीने या खेळांना शिक्षणपद्धतीचे स्वरूप दिले.

चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) हे ब्रिटिश लष्करातील अधिकारी. एड्स टू स्काउटिंग (१८९९) हे त्यांचे पुस्तक सैनिकांसाठी होते. दुसऱ्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग शहराला पडलेला वेढा २१७ दिवस चालला (१८९९–१९००). त्या काळात तेथील मुलांच्या पथकाने निरोप व टपाल पोहोचविण्याची कामे केली. खरी जबाबदारी सोपविल्यास मुले ती पेलतात, हे त्यावरून दिसून आले. अमेरिकेत अर्नेस्ट टॉम्पसन सीटन यांनी १९०२ पासून तेथील मूळ रहिवाशांचे वनजीवन आदर्श मानून मुलांचे गट उभारले. त्यांच्या खेळांचाही बेडन-पॉवेल यांच्यावर प्रभाव पडला. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउन्सी बेटावर निरनिराळ्या सामाजिक स्तरांतील सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर भरले. त्यानंतर १९०८ मध्ये स्काउटिंग फॉर बॉइज हे पुस्तक प्रथम पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात पाठांबरोबरच खेळही दिलेले आहेत.

‘हरिणाचा पाठलाग’ या खेळात शिक्षक हरिण होतो. तो लपत नाही. उभा राहतो व मधूनमधून थोडी हालचाल करतो. मुले आपापल्या मार्गाने, दृष्टीस न पडता त्याच्याकडे सरकतात. जो दिसतो त्याला तेथेच उभे केले जाते आणि वेळ संपताच सर्वांत जवळ पोहोचलेला मुलगा जिंकतो. ‘जासुदा’च्या खेळात एकाने खांद्याला रंगीत फडके लावून ‘वेढलेल्या’ ठाण्यात निरोप न्यायचा असतो. विरुद्ध पक्षाने ते फडके हिसकावले, की तो पकडला गेला. किम्स गेम या खेळाचे नाव रड्यर्ड किपलिंग यांच्या किम (१९०१) या कादंबरीवरून पडले. तीत सिमल्याच्या एका दुकानात नायकाला थाळीतील रत्ने पाहून लक्षात ठेवावी लागतात. बालवीरांच्या खेळात २० ते ३० किरकोळ वस्तू एक मिनिट दाखवून झाकतात व मग त्यांची यादी करावयास सांगतात.

या पद्धतीत चूक कोणी सांगावी लागत नाही. ती परिणामातूनच कळते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर आलेले डोके किंवा हललेले झुडूप ‘हरिणा’ला दिसते आणि आडोशाचे महत्त्व त्याच क्षणी पटते. भूमिकांची अदलाबदल झाली, की लपणाऱ्याला शोधणाऱ्याची नजर कळते. खेळात गुंतलेला मुलगा कंटाळा न करता तीच कृती अनेकदा करतो. तथापि खेळापूर्वी कौशल्याची ओळख व खेळानंतर चर्चा नसेल, तर केवळ धावपळ उरते.

‘शत्रू’, ‘वेढा’ यांसारख्या परिभाषेमुळे ही चळवळ मुलांना युद्धासाठी तयार करते, असा आक्षेप घेतला गेला. बेडन-पॉवेल यांनी ‘शांतताकालीन टेहळे’ ही कल्पना मांडून सीमाप्रदेशातील संशोधक व प्रवासी यांचा आदर्श पुढे ठेवला. तरीही वाद मिटला नाही. पहिल्या महायुद्धानंतर बालवीर अधिकारी जॉन हारग्रेव्ह यांनी सैनिकी वळणाला विरोध करून १९२० मध्ये वनजीवनावर आधारलेली ‘किबो किफ्ट’ ही वेगळी संघटना काढली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या वेशाचे व विधींचे अनुकरणही पुढे आक्षेपार्ह मानले जाऊ लागले. दोन्ही वादांत आक्षेप होता तो कौशल्यावर नव्हे, तर त्यासाठी निवडलेल्या भूमिकेवर. भूमिकेबरोबर तिची मूल्येही मुलांच्या मनावर ठसतात, हे त्यांतून स्पष्ट झाले.

भारतात १९०९ मध्ये सुरू झालेली बालवीर पथके प्रारंभी यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. त्यामुळे ॲनी बेझंट तसेच मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारल्या. १९५० मध्ये एकीकरण होऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली. या संघटनांत जासुदाची जागा बऱ्याच अंशी पूरग्रस्तांना मदत करणाऱ्या वा जत्रेत हरवलेल्या मुलाचा शोध घेणाऱ्या सेवकाने घेतली. माग काढण्याचे व निरीक्षणाचे कौशल्य तेच राहिले. त्याचा हेतू मात्र बदलला.