मार्गक्षमता आणि रेल्वे उपयोगकर्त्यांशी सल्लामसलत : नागपूर जंक्शन

एखाद्या लोहमार्गावरून चोवीस तासांत जितक्या गाड्या सुरळीत नेता येतात, तितकी त्या मार्गाची क्षमता. ती प्रवासी गाड्या, मालगाड्या आणि रुळांची देखभाल यांच्यात वाटावी लागते. वाटप ठरवण्याआधी प्रवासी, व्यापारी, कारखानदार, खाणी, वीजकेंद्रे यांचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत अनेक देशांत आहे. युरोपात ती कायद्याने घालून दिलेली आहे. भारतात ती प्रामुख्याने सल्लागार समित्यांमधून चालते. या समित्या काय करू शकतात आणि त्यांचा हात कुठे पोचत नाही, हे दोन्ही नागपुरात स्पष्ट दिसते.

जंक्शनची घडण : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडून १८६७ मध्ये नागपूरला आला. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत राजनांदगावपर्यंत मीटरगेज नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने ती घेऊन ब्रॉडगेज केली आणि पुढे हावड्याला जोडली. इटारसीचा मार्ग १९२०च्या दशकात पूर्ण झाला. १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ दुवा जुळला आणि दिल्ली-मद्रास वाहतूक नागपूरवरून धावू लागली. अशा रीतीने चारही दिशांचे रूळ एका गावात आले.

स्थानकालगतचे डायमंड क्रॉसिंग पाहायला लोक मुद्दाम जातात. ते देशातील एकमेव असल्याचे सांगितले जाते. मात्र रूळ एकमेकांना छेदण्याची ही रचना इतर यार्डांतही आहे. शिवाय नागपूरची खरी अडचण त्या चौकात नाही. मुंबईची आणि चेन्नईची वाट सेवाग्राम-वर्धा परिसरात फुटते, तोवर दोन्हीकडच्या गाड्यांना सुमारे ७६ किलोमीटर एकच वाट वापरावी लागते. हावड्याहून मुंबईला जाणारी मेल, दिल्लीहून चेन्नईला जाणारी एक्स्प्रेस, चंद्रपूरकडून कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांना येणारा कोळशाचा रेक, बुटीबोरीच्या कारखान्यांचा माल हे सगळे याच तुकड्यावर भेटतात. आउटरला गाडी उभी राहिली की प्रवासी फलाट रिकामा नसल्याचे गृहीत धरतो. खरे कारण पुष्कळदा तिथून बरेच अलीकडे, मागच्या कुठल्या तरी स्थानकात घडलेले असते.

दोन घरांचे गाव : १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. पूर्वेकडचा मार्ग पुढे दक्षिण पूर्व रेल्वेकडे राहिला आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे (स्थानिक बोलीत ‘दपूम’) गेला. त्यामुळे नागपुरात ‘नागपूर विभाग’ याच नावाचे दोन विभाग आणि दोन विभागीय रेल्वे व्यवस्थापक आहेत. एकाचा वरिष्ठ मुंबईत, दुसऱ्याचा बिलासपुरात. गोंदियाहून वर्ध्याला जाणाऱ्या प्रवाशाच्या लेखी ही एक गाडी असते. कागदावर ती वाटेत एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तक्रार कोणत्या समितीपुढे मांडायची, इथूनच प्रश्न सुरू होतो.

क्षमता मोजण्याची रीत : भारतात स्कॉटचे सूत्र परंपरेने वापरतात. दिवसाची १४४० मिनिटे घ्यायची; सर्वांत अडचणीचा ब्लॉक खंड (एका वेळी एकाच गाडीला मोकळा मिळणारा रुळांचा तुकडा) ओलांडायला गाडीला लागणारा वेळ आणि ब्लॉकची देवघेव करायला लागणारा वेळ यांच्या बेरजेने त्यांना भागायचे; उत्तराचे ७० टक्के धरायचे. समजा खंड ओलांडायला १५ मिनिटे आणि ब्लॉकला ५ मिनिटे लागली, तर भागाकार ७२ येतो आणि व्यवहारात जेमतेम ५० गाड्या मिळतात. उरलेले ३० टक्के देखभाल, बिघाड आणि उशीर यांच्यासाठी राखलेले असतात. क्षमतावापराचा आकडा शंभर टक्क्यांपलीकडे गेला, तरी गाड्या धावणे थांबत नाही. फरक इतकाच की ही राखीव मिनिटे खर्ची पडतात आणि देखभालीसाठी रूळ मोकळा ठेवण्याची वेळ, म्हणजे ‘ब्लॉक’, मागणाऱ्या अभियंत्याला उद्या या म्हणून सांगितले जाते.

थांब्याच्या मागणीचे गणितही याच सूत्रात आहे. काटोल, नरखेड, पांढुर्णा, तुमसर रोड, हिंगणघाट, वरोरा अशा गावांतून एक्स्प्रेसला दोन मिनिटांचा थांबा मिळावा अशी मागणी सतत होते आणि ती रास्तच असते. पण ब्रेक लावून वेग उतरवणे आणि पुन्हा तो गाठणे यांत दोन मिनिटांहून बराच जास्त वेळ जातो. तो मागच्या गाडीलाही मोजावा लागतो. हा हिशेब मागणी करणाऱ्यापुढे आकड्यांत मांडला जात नाही. त्याला मिळते ते एका ओळीचे उत्तर : ‘व्यवहार्य नाही’.

समित्या : सल्लामसलतीची कल्पना जुनी आहे. सर विल्यम ॲक्वर्थ यांच्या समितीने १९२१ च्या अहवालात केंद्रीय आणि स्थानिक सल्लागार मंडळे सुचवली. स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून त्यांची जागा रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समित्यांनी घेतली. विभागाची समिती ‘डीआरयूसीसी’, झोनची ‘झेडआरयूसीसी’ आणि वर राष्ट्रीय समिती अशी त्यांची उतरंड आहे. व्यापारी व उद्योजक संघटना, शेतकरी, प्रवासी, ग्राहक आणि दिव्यांगांच्या संस्था तसेच लोकप्रतिनिधींनी सुचवलेले लोक यांत असतात. मुदत साधारण दोन वर्षांची. सदस्याने प्रश्न आधी लेखी द्यायचा, प्रशासनाने लेखी उत्तर द्यायचे. शिफारस मानण्याचे बंधन रेल्वेवर नाही.

विभागीय समितीचे अध्यक्षपद विभागीय व्यवस्थापकाकडे आणि सचिवपद वाणिज्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे असते. ही बाब किरकोळ वाटते, पण बैठकीचा सूर तिथूनच लागतो. तिकीट, फलाट, पाणी, लिफ्ट, पार्किंग ही वाणिज्य खात्याची नित्याची क्षेत्रे. यांवर चर्चा होते, कामेही होतात. गाडीचा पाथ, म्हणजे वेळापत्रकातली तिची वाट, हा परिचालन खात्याचा विषय आहे. लांब पल्ल्याच्या गाडीचा पाथ अनेक झोनमधून जातो, तेव्हा तो झोनच्या अधिकाऱ्यांच्या वेळापत्रक समितीत आणि रेल्वे मंडळात ठरतो. २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या साह्याने ‘शून्याधारित वेळापत्रक’ आखले गेले. थांबे कमी करून मालगाड्या आणि देखभालीला सलग मोकळा वेळ देणे हा त्यामागचा विचार होता, आणि तो तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा होता. मात्र ज्यांचे थांबे गेले त्यांना ते वेळापत्रक हाती पडल्यावरच कळले.

मालवाहतूक : बहुतेक मालगाड्यांना छापील वेळापत्रक नसते. रेक मागवण्यासाठी इंडेंट नोंदवला जातो आणि तो कोणाला आधी मिळेल हे रेल्वे अधिनियम, १९८९ मधील तरतुदीनुसार निघणाऱ्या प्राधान्य आदेशावर अवलंबून असते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर ही वीजकेंद्रे आसपास आहेत. कोळशाचे बोलणे त्यामुळे समितीत होतच नाही. ते खाण, वीजकेंद्र आणि कंट्रोल ऑफिस यांच्यात रोज होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये वीजकेंद्रांतील साठे घटल्यावर कोळशाच्या रेकना वाट मोकळी करण्यासाठी देशभर प्रवासी गाड्या रद्द झाल्या. त्यांतला मोठा वाटा दपूम रेल्वेचा होता. वीज आवश्यक आहे याबद्दल कोणाचा वाद नव्हता. परंतु गोंदिया-तुमसर-भंडारा रोड पट्ट्यातून रोज ये-जा करणाऱ्यांना विचारण्याची कोणतीही यंत्रणा त्या वेळी अस्तित्वात नव्हती, आणि असा निर्णय समितीच्या पुढच्या बैठकीसाठी थांबत नसतो.

युरोपातील पद्धत : तेथे रुळांची व्यवस्था पाहणारी संस्था आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्या यांच्यात भेद केलेला आहे. त्यामुळे क्षमता ही मागून, शुल्क भरून घेण्याची वस्तू झाली. २०१२/३४ या निर्देशानुसार रूळव्यवस्थापकाला संबंधितांशी बोलून ‘नेटवर्क स्टेटमेंट’ प्रसिद्ध करावे लागते. त्यात मार्गांचे वर्णन, वाटपाचे नियम आणि शुल्क असते. सर्वांच्या मागण्या बसेनाशा झाल्या की तो तुकडा ‘गर्दीचा’ म्हणून जाहीर करणे भाग पडते. सहा महिन्यांत त्याचे विश्लेषण आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत, वापरणाऱ्यांशी चर्चा करून, क्षमता वाढवण्याची योजना द्यावी लागते. मालवाहतूक मार्गिकांसाठीच्या ९१३/२०१० या नियमाने रेल्वे कंपन्यांचे आणि टर्मिनलचालकांचे स्वतंत्र सल्लागार गट बसवले. रूळव्यवस्थापकांची व्हिएन्नास्थित संघटना रेलनेटयुरोप हिने आखलेल्या नव्या पद्धतीत क्षमतेचे धोरण वेळापत्रकाच्या पाच वर्षे आधीपासून रचायचे असते. युरोपीय आयोगाने ११ जुलै २०२३ रोजी क्षमतावापराच्या नव्या नियमाचा प्रस्ताव मांडला तोही अशा विचारविनिमयानंतरच.

एवढे करूनही तेथील गाड्या वेळेवर धावतात असे नाही. जर्मनीतील प्रवासी त्याची साक्ष देतील. फरक आहे तो माहितीचा. कोणता तुकडा भरला, किती भरला आणि का, हे तेथे मागणी करणाऱ्याला आधी कळते. नागपूर-सेवाग्राम तुकड्यासाठी असा जाहीर कागद समितीच्या टेबलावर ठेवला गेला, तर थांब्याची मागणी करणाराही वेगळा प्रश्न विचारेल.

नवे रूळ : नागपुरात क्षमतेचा प्रश्न वाटपापेक्षा बांधकामातून सोडवला जात आहे. सेवाग्राम-नागपूर तिसरी व चौथी, वर्धा-बल्लारशाह तिसरी, इटारसी-नागपूर तिसरी आणि नागपूर-राजनांदगाव तिसरी मार्गिका ही कामे गेल्या दीड दशकातली. जुलै २०२५ मध्ये इटारसी-नागपूर चौथ्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा-भुसावळ तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात मांडलेल्या समर्पित मालवाहू मार्गिकांपैकी पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन्ही प्रस्तावित मार्गिका नागपूरवरूनच जातात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर व अजनी स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. अजनीहून लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून मुख्य स्थानकावरचा भार हलका करण्याचा प्रयत्न चालू आहे.

या सर्वांत कमी बोलले जाणारे काम गोंदिया-बल्लारशाह दुहेरीकरणाचे आहे. सुमारे २४० किलोमीटरच्या या मार्गाला एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. वडसा, नागभीडवरून जंगलातून जाणारी ही एकेरी वाट दुहेरी झाली, की छत्तीसगडचा दक्षिणेकडे जाणारा माल गोंदियालाच वळेल आणि त्याला नागपुरात यावेच लागणार नाही.