ग्रामीण खासगी धावपट्ट्या आणि छोट्या विमानांचे अपघात

शेताच्या, कुरणाच्या किंवा खाणीच्या कडेला जमीन सपाट करून, गवत कापून वा माती दाबून तयार केलेली काही शे मीटरची पट्टी म्हणजे ग्रामीण खासगी धावपट्टी होय. अशा ठिकाणी बहुधा नियंत्रण मनोरा नसतो, हवामान निरीक्षक नसतो आणि अग्निशमन दलही नसते. धावपट्टीची अवस्था, वाऱ्याची दिशा आणि उतरण्याचा निर्णय या साऱ्यांची जबाबदारी एकट्या वैमानिकावर येते.

अमेरिकेत हेलिपॅड धरून विमाने उतरण्याच्या १९,००० हून अधिक नोंदणीकृत जागा आहेत. त्यांपैकी सार्वजनिक वापराच्या सुमारे ५,००० असून उरलेल्या बहुतेक खासगी आहेत. ऑस्ट्रेलियात तर अशा धावपट्ट्यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तेथील ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा १९२८ साली क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून सुरू झाली. दूरच्या पशुपालन केंद्रांवरील रुग्णांपर्यंत ही विमाने आजही पोहोचतात. भारतातही उद्योगसमूह व प्रशिक्षण संस्था यांच्या वापरातील काही धावपट्ट्या ग्रामीण भागात आहेत. धुळे जिल्ह्यातील शिरपूरची धावपट्टी वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरली जाते.

अंतराचा हिशेब

छोट्या विमानांच्या अपघातांमध्ये उतरतानाच्या अपघातांची संख्या मोठी असते. वेग कमी आणि जमीन जवळ असल्याने त्यांतील बहुतेकांत जीवितहानी टळते. मात्र धावपट्टी संपूनही विमान थांबले नाही आणि पुढे झाडे, नाला किंवा बांध असला, तर परिणाम गंभीर होतात.

विमानाच्या माहितीपुस्तिकेत उतरण्यासाठी लागणारे अंतर दिलेले असते. ते धावपट्टीच्या टोकावर ५० फूट उंचीपासून विमान थांबेपर्यंत मोजतात. परंतु हा आकडा साधारणपणे कोरड्या, सपाट व पक्क्या धावपट्टीचा आणि कुशल वैमानिकाचा असतो. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने त्यासाठी गुणक सुचविले आहेत. ओल्या गवतासाठी १.३५, दोन टक्के उतारासाठी १.१ आणि उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के इतका पाठीमागून वारा असल्यास १.२. या सर्वांवर सुरक्षिततेसाठी आणखी १.४३ ने गुणावे, असे हे मार्गदर्शन सांगते.

पुस्तिकेत ४०० मीटर अंतर दिलेले विमान घेऊ. ओल्या गवतावर ते अंतर ५४० मीटर होते, उतारामुळे ५९४ आणि वाऱ्यामुळे सुमारे ७१३ मीटर. सुरक्षिततेचा गुणक धरल्यास १,०१९ मीटरची गरज भासते. म्हणजेच वरवर पुरेशी वाटणारी ७०० मीटरची धावपट्टी प्रत्यक्षात अपुरी ठरते. ताशी ५० नॉट वेगाने उतरणाऱ्या विमानाला यासाठी अवघा पाच नॉटचा, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरचा वारा पुरतो. गाल्यावर तो जेमतेम जाणवतो.

वेगाचेही तसेच आहे. वेग दहा टक्क्यांनी वाढला तर विमानाची गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. शिवाय जमिनीलगत पंखांखालच्या हवेमुळे असे वेगवान विमान चाके न टेकताच तरंगत पुढे जाते आणि मोलाची धावपट्टी मागे पडते.

दृष्टीचा भ्रम आणि शेवटचे वळण

ग्रामीण धावपट्टी बहुधा अरुंद असते. रुंद धावपट्टीची सवय असलेल्या वैमानिकाला त्यामुळे आपण प्रत्यक्षापेक्षा उंचावर आहोत, असे वाटते. चढती धावपट्टीही हाच भ्रम निर्माण करते. मग विमान गरजेपेक्षा खाली आणले जाते आणि झाडाच्या शेंड्याला किंवा विजेच्या तारेला अडकण्याचा धोका उद्भवतो. तारा आकाशातून सहसा दिसतच नाहीत. त्यांचे खांब शोधावे लागतात.

सर्वांत घातक ठरते ते धावपट्टीच्या दिशेने घेतलेले शेवटचे वळण. वाऱ्याने विमान पुढे ढकलले गेले की वैमानिक वळण अधिक तीव्र करतो. वेग कमी पडल्यास पंखांना मिळणारी उचल अकस्मात नाहीशी होते आणि इतक्या कमी उंचीवर विमान सावरण्यास अवधी उरत नाही.

निर्णय आधीच हवा

यावरील उपाय खर्चिक नाहीत. निघण्यापूर्वी धावपट्टीच्या मालकाशी बोलून गवत, चिखल व जनावरे यांची माहिती घेणे, जमिनीवरील माणसाकडून वाहनाने पाहणी करून घेणे, वायुदर्शक पिशवी पाहणे आणि प्रथम वरून एक फेरी मारणे, हे त्यांतील प्रमुख होत.

याहून महत्त्वाचा आहे तो परत वर जाण्याचा निर्णय. धावपट्टीच्या ठरावीक खुणेपर्यंत चाके टेकली नाहीत, तर पूर्ण शक्ती देऊन विमान पुन्हा वर घ्यावे. ही खूण उड्डाणापूर्वीच निश्चित केलेली असावी. धावपट्टीच्या पलीकडे डोंगर असेल, तर हा निर्णय आणखी अलीकडे, हवेत असतानाच घ्यावा लागतो. उशिरा घेतलेला निर्णय विमानाला अडथळ्यांवर नेतो. मनोऱ्यातून बजावणारे कोणी नसते, म्हणूनच हा नियम वैमानिकाने स्वतःसाठी घालून घ्यायचा असतो. परत फिरण्यात काही मिनिटे व थोडे इंधन जाते. अट्टहासाने उतरण्यात विमान आणि त्यातील माणसे, दोन्ही पणाला लागतात.