भूल देणाऱ्याचा हात, दाताच्या डॉक्टरची पट्टी

झोपेत वारंवार श्वास अडकतो, अशा रोग्याला दाताचे डॉक्टर एक पट्टी बसवून देतात. वरच्या आणि खालच्या दातांवर घट्ट बसणारे ॲक्रिलिकचे दोन साचे, आणि त्यांना जोडणारा स्क्रू किंवा दोन्ही गालांकडच्या दांड्या. ती तोंडात घालून झोपले की खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो, त्याच्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. ही पट्टी १९८०च्या दशकात झोपेच्या शास्त्रातून जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. झोपेच्या शास्त्राने तिला काम मिळवून दिले. कूळ मात्र तिचे निराळे आणि बरेच जुने आहे, आणि तिचे गुण-अवगुण दोन्ही त्या कुळाकडून आले आहेत.

तिचा पहिला पूर्वज वस्तू नव्हे, हात आहे. क्लोरोफॉर्म चढला की स्नायू सैल पडतात, उताण्या निजलेल्या रोग्याची जीभ मागे घशात जाते आणि श्वास कोंडतो. नॉर्वेच्या याकोब हायबर्ग यांनी १८७४ साली आणि जर्मन लष्करी शल्यविशारद फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी १८७७ साली यावरचा उपाय लिहून ठेवला. दोन्ही हातांची बोटे कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनामागे अडकवायची आणि खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका जबडा उचलून धरायचा. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो, त्यामुळे जबड्यामागोमाग जिभेला यावेच लागते. भूलतज्ज्ञ आजही हेच करतात. अडचण एवढीच, की हा हात रात्रभर कोण धरणार? १९८४ साली कार्लहाइन्झ मायर-एवर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबडा पुढे धरणारी पट्टी झोपेतल्या श्वासरोधावर वापरल्याचे प्रसिद्ध केले, आणि जर्मन डॉक्टर तिला एस्मार्ख यांच्या नावाने ओळखू लागले. बारशाला पणजोबांचे नाव ठेवावे, तसे.

हात भूल देणाऱ्याचा असला, तरी पट्टीची घडण आली दात सरळ करणाऱ्यांकडून. पॅरिसच्या पिएर रोबँ यांनी १९०२ साली ‘मोनोब्लॉक’ नावाचे एकसंध साधन मांडले. ज्यांचा खालचा जबडा मागे राहिला आहे अशा मुलांचा जबडा ते पुढे आणत असे. एमिल हर्बस्ट यांनी १९०९ साली बर्लिनच्या दंतवैद्यक परिषदेत नळीत सरकणारी दांडी दाखवली. आजच्या कित्येक पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना तीच दिसते. इथे कोणी म्हणेल, मग रोबँ हेच खरे जनक. लहान जबडा आणि मागे पडणारी जीभ यांनी श्वास कोंडतो, हे त्यांनीच तर सांगितले. आक्षेप वजनदार आहे. पण रोबँ यांचे लक्ष होते वाढत्या मुलांकडे आणि जबड्याच्या वाढीकडे. मोठ्या माणसाचा श्वास झोपेत रात्रभर तुटत राहतो, याची यंत्रावर नोंद झाली ती १९६५ साली, फ्रान्समध्ये आणि जर्मनीत. जो आजार अजून मोजलाच गेला नव्हता, त्याचा उपाय कोणाच्या नावावर मांडणे मला हिशेबाला धरून वाटत नाही. पुढेही १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप, म्हणजे नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय, प्रसिद्ध करेपर्यंत गंभीर रोग्याच्या गळ्याला भोक पाडणे हाच मुख्य इलाज होता. १९८२ साली शिकागोत कार्टराइट आणि सॅमेल्सन यांनी जीभच पोकळ फुग्यात ओढून धरणारे साधन मांडले. ती बाजूची शाखा. जबड्याला तिने हात लावला नाही.

दंतवैद्यकाचे ऋण उघडपणे मान्य केले ते होनोलुलूच्या पीटर जॉर्ज यांनी. हा गृहस्थ १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारोत्तोलनाचे सुवर्णपदक जिंकून मग दातांकडे वळलेला! १९८७ सालच्या लेखाच्या मथळ्यातच त्यांनी आपल्या साधनाला जबडा वळवण्याच्या जुन्या साधनाची सुधारित आवृत्ती म्हटले. जबडा किती पुढे येतो हे मिलिमीटरमध्ये मोजणारी, दातांत धरायची त्यांच्या नावाची मोजपट्टी आजही दवाखान्यांत वापरतात.

आता दुसरा आक्षेप: सीपॅप हाताशी असताना हे कूळ उगाळायचे कशाला? श्वास थांबण्या-मंदावण्याचे प्रसंग कमी करण्यात सीपॅप सरस आहे, यात वाद नाही. सिडनीहून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०८ रोग्यांनी दोन्ही उपाय एकेक महिना वापरले. असे प्रसंग सीपॅपवर तासाला सरासरी ४.५, तर पट्टीवर ११.१. पण रोग्यांनी पट्टी रात्री ६.५ तास वापरली आणि सीपॅप ५.२ तास, दिवसाची पेंग आणि एकूण जगणे दोन्हींनी जवळपास सारखेच सुधारले. महिना हा काळ थोडा आहे आणि तास रोग्यांनीच सांगितलेले, हे मान्य. तरीही मास्क काढून उशाशी ठेवणाऱ्या माणसाला यंत्राची उरलेली रात्र उपयोगी पडत नाही. पट्टीला वीज लागत नाही, आवाज नाही, ती खिशात मावते. हा गुण दंतवैद्याच्या घराण्याचा.

अवगुणही तिथलाच. मागे जाऊ पाहणारा जबडा पट्टी अडवून धरते, आणि तो ताण रात्रभर दातांवर येतो. रोबँ आणि हर्बस्ट यांना नेमका हाच ताण हवा होता, कारण त्यानेच दात आणि जबडा हलतात. मोठ्या माणसाच्या तोंडात तोच ताण वर्षानुवर्षे राहिला की वरचे पुढचे दात आत कलतात, खालचे बाहेर येतात आणि चावा बदलतो. हर्बस्ट यांची दांडी काही महिन्यांनी तोंडातून निघते. ही पट्टी मात्र आजार आहे तोवर रोज रात्री घालावी लागते.