वुल्टनच्या मैदानावरील लहानसे व्यासपीठ

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे आपण चर्चच्या पायाभरणीचे साल शोधतो, धर्मगुरूंच्या नेमणुकांची यादी करतो, घंटा कोणी दिली आणि वेदी कोणी घडविली याची चौकशी करतो. या नोंदी मोलाच्या आहेत यात शंका नाही. परंतु सणाच्या संध्याकाळी मैदानावर जो छोटा मंडप उभा राहिला, त्यावर कोणत्या मुलांनी काय गायिले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. कार्यक्रमाची पत्रिका दुसऱ्या दिवशी पुड्या बांधण्याच्या कामी येते. इंग्लंडमधील एका धर्मग्रामाची अशीच एक पत्रिका मात्र टिकून राहिली, आणि संगीताच्या इतिहासकारांनी ती अक्षरशः मिनिटामिनिटाने वाचली आहे. तिची कथा आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना विचार करावयास लावील, असे आम्हांस वाटते.

ही पत्रिका लिव्हरपूल शहराच्या वुल्टन या उपनगरातील सेंट पीटर्स चर्चच्या वार्षिक मेळ्याची. दिवस शनिवार, ६ जुलै १९५७. दुपारी दोन वाजता मिरवणूक, तीन वाजता ‘गुलाबराणी’चा मुकुटसमारंभ, मग मुलांची वेषभूषा, मग चेशायर येओमन्री या लष्करी दलाच्या बँडचे वादन. सव्वाचार वाजता ‘क्वारी मेन स्किफल ग्रुप’. त्यानंतर शहर पोलिसांच्या कुत्र्यांची प्रात्यक्षिके, आणि पुन्हा क्वारी मेन. रात्री आठ वाजता चर्चच्या सभागृहात नृत्य, तिकीट दोन शिलिंग. लष्करी बँड आणि पोलिसांची कुत्री यांच्या मधल्या फटीत बसविलेल्या या मुलांच्या जथ्याचा म्होरक्या होता सोळा वर्षांचा जॉन लेनन.

मुलांच्या हाती वाद्ये कशी आली

महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती. रेशनिंग १९५४ साली उठले होते, पण सामान्य घरांत पैसा फारसा खेळत नव्हता. अशा काळात लॉनी डोनेगन या गायकाच्या ध्वनिमुद्रिकेने १९५६ च्या आरंभी ब्रिटनमधील मुलांना ‘स्किफल’चे वेड लावले. या संगीतप्रकाराचे मोठे पुण्य असे, की त्याला वाद्ये विकत घ्यावी लागत नसत. कपडे घासण्याची पन्हाळीदार पत्र्याची फळी बोटांत अंगुस्ताने घालून खरवडली की ताल तयार. चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्याला एक दांडा व एक दोरी लावली की खर्जाचे वाद्य तयार. एखादे स्वस्त गिटार मिळाले आणि तीन-चार स्वरमेळ बोटांना सापडले, म्हणजे मंडळी व्यासपीठावर चढावयास मोकळी!

आणखी एक कारण आपण विसरू नये. त्या काळी ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागे. १९५७ मध्येच ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्या मुलांवरील बोलावणे टळले. लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४०चा. कोवळ्या वयातील बँड जेथे मोडून पडले असते, तो वयाचा टप्पा या पिढीला मोकळा मिळाला.

लेनन क्वारी बँक या शाळेचा विद्यार्थी. त्यावरूनच बँडचे नाव पडले. रॉड डेव्हिस बँजो वाजवी, एरिक ग्रिफिथ्स गिटार, लेन गॅरी खोक्याचा खर्ज, पीट शॉटन कपड्यांची फळी, कॉलिन हँटन ड्रम. लेननच्या आईला, ज्युलियाला, बँजो येत असे. तिने मुलाला बँजोचेच स्वरमेळ शिकविले, ते तो गिटारवर वाजवी. सेंट पीटर्सच्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात आणि गायनवृंदात तो लहानपणी होता, म्हणजे त्या मैदानाला तो परका नव्हता.

ती दुपार

मिरवणुकीत हा जथा एका लॉरीच्या मागच्या फळ्यांवर बसून वाजवीत निघाला. मग चर्चमागील मैदानातील व्यासपीठावर त्यांचा खेळ झाला. तेथे पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी श्रोत्यांत उभा होता. आयव्हन व्हॉन हा लेननच्या शेजारी राहणारा मित्र, पॉलच्या शाळेत शिकणारा, आणि योगायोग असा की पॉलच्याच दिवशी, १८ जून १९४२ रोजी जन्मलेला. त्याने पॉलला आग्रहाने आणले होते.

पॉलने त्या दिवसाची जी आठवण पुढे अनेकदा सांगितली, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेनन डेल-व्हायकिंग्ज या अमेरिकन गायकवृंदाचे एक गाणे गात होता. गाण्याचे शब्द त्याला पाठ नव्हते; रेडिओवरून ऐकलेले अर्धेमुर्धे लक्षात होते. तेव्हा तो थांबला नाही. जेथे शब्द आठवेना तेथे त्याने तुरुंग-बंदिवासाच्या लोकगीतांतील कल्पना घेऊन स्वतःच्या ओळी जुळविल्या आणि गाणे पुढे नेले. श्रोत्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. पॉलला लागला, आणि त्याला ते आवडले.

स्वरचित गाणी गाणारा बँड कोठून जन्मतो, असा प्रश्न कोणी केला तर आम्ही या क्षणाकडे बोट दाखवू. त्या दुपारी क्वारी मेनजवळ स्वतःचे एकही गाणे नव्हते. सारा माल उसना. परंतु उसन्या चालीतील रिकामी जागा आपल्या शब्दांनी भरण्याचे धाडस होते, आणि ते धाडस करावयास एक सुरक्षित व्यासपीठ होते. शेजारीपाजारी, मावश्या, आत्या, केक आणि सरबत यांच्यामध्ये चुकलेले गाणे कोणाचे नुकसान करीत नाही.

संध्याकाळी, नृत्याच्या आधी, सभागृहात दोघांची ओळख झाली. पॉलने गिटार हाती घेऊन एडी कॉक्रनचे एक गाणे साऱ्या शब्दांनिशी म्हणून दाखविले. तो डावखुरा, तरी वाजविले. लेननपुढे पेच उभा राहिला: आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्याला संघात घ्यावे, की आपले नेतृत्व अबाधित ठेवावे? त्याने पहिला पर्याय निवडला. काही दिवसांनी पीट शॉटनने पॉलला निमंत्रण दिले. सोळा वर्षांच्या मुलाने अहंकार बाजूला ठेवून घेतलेला हा निर्णय आम्हांला त्या साऱ्या दिवसातील सर्वांत मोठी घटना वाटतो.

दोन पंथांचे शहर

लिव्हरपूल हे आयर्लंडमधील दुष्काळानंतर स्थलांतरित झालेल्या कॅथलिकांचे शहर. प्रोटेस्टंट व कॅथलिक वस्त्यांमधील कटुता तेथे दीर्घकाळ टिकून होती. सेंट पीटर्स हे अँग्लिकन चर्च. पॉलची आई मेरी आयरिश वंशाची कॅथलिक, व्यवसायाने परिचारिका व सुईण. तिने मुलाचा बाप्तिस्मा कॅथलिक विधीने करविला होता. मेळ्याच्या अवघ्या आठ महिने आधी, ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी, ती कर्करोगाने वारली. पुढे बँडमध्ये आलेला जॉर्ज हॅरिसनही कॅथलिक आईचा बाप्तिस्मा झालेला मुलगा. ज्या शहरात लग्नसंबंध जुळविताना पंथाची भिंत आडवी येई, त्या शहरात अँग्लिकन धर्मग्रामाच्या मैदानात या मुलांच्या गाठीचा आरंभ झाला. मेळ्याच्या फाटकावर कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे.

उसन्या गाण्यांपासून स्वतःच्या गाण्यांपर्यंत

आई गेल्यानंतर पॉलने चौदाव्या वर्षी एक गाणे रचले होते. लेननची भेट झाल्यावर दोघे दुपारी शाळा चुकवून पॉलच्या घरी बसू लागले. शाळेच्या वहीत गाणी लिहीत आणि पानाच्या माथ्यावर ही लेनन व मॅकार्टनी यांची स्वतःची रचना आहे अशी मोठ्या दिमाखाने नोंद करीत. त्यांना स्वरलिपी येत नव्हती. जी चाल दुसऱ्या दिवशी आठवली नाही ती टाकून द्यावयाची, हा त्यांचा नियम. १५ जुलै १९५८ रोजी लेननची आई मोटारीच्या धडकेने मृत्यू पावली. आईवेगळ्या दोन मुलांना त्या वहीने किती आधार दिला असेल, हे वाचकांनीच ताडावे.

त्याच जुलैत पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थाच्या घरगुती ध्वनिमुद्रणशाळेत त्यांनी एक तबकडी काढली. एका बाजूस बडी हॉलीचे गाणे. दुसऱ्या बाजूस मॅकार्टनी व हॅरिसन यांच्या नावावरील स्वतःचे गाणे. प्रत एकच. ती सर्वांनी पाळीपाळीने आपापल्या घरी नेली.

परंतु स्वतःचे गाणे लोकांपुढे गाणे सोपे नव्हते. नाचावयास आलेल्यांना ओळखीची गाणी हवी असतात. हे बँडवाले वर्षानुवर्षे इतरांचीच गाणी वाजवीत राहिले. १ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीपुढे त्यांनी पंधरा गाणी सादर केली, त्यांत स्वतःची तीन. कंपनीने नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी दुसऱ्या गीतकाराचे हमखास चालेल असे गाणे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मुद्रित केले, पण आम्हांला आमचेच गाणे हवे असा हट्ट धरला, आणि ५ ऑक्टोबर १९६२ रोजी ‘लव्ह मी डू’ बाजारात आले. मार्च १९६३ मधील पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेत चौदांपैकी आठ गाणी स्वतःची होती. जुलै १९६४ मधील तिसरीत तेराच्या तेरा. वुल्टनच्या मैदानावरील शून्यापासून येथवर सात वर्षे लागली. आमच्या मुलांनी पहिल्याच सणाला अप्रतिम स्वरचित गाणे म्हणावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी ठेवावा.

पेरणाऱ्याने काय अपेक्षावे?

येथे काही वाचक विचारतील: याच लेननने १९६६ साली आपल्या बँडची लोकप्रियता ख्रिस्ताहून अधिक असल्याचे उद्गार काढले ना? होय, काढले. अनेक ख्रिस्ती घरे त्याने दुखावली, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिकागो येथे त्याला खुलासा करून क्षमायाचना करावी लागली. मग अशा मुलाला व्यासपीठ देऊन धर्मग्रामाने काय मिळविले?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला गुळगुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. व्यासपीठ देणाऱ्याला गाणाऱ्याचे भविष्य विकत घेता येत नाही. पीक आपल्याच कोठारात येईल अशी हमी मागून कोणी बी पेरीत नाही. तथापि काही दाणे कोठे पडले तेही पाहावे. चर्चच्या त्याच दफनभूमीत एलिनॉर रिग्बी या नावाची शिळा आहे, आणि १९६६ मध्ये एकाकी माणसांविषयी बीटल्सनी जे गाणे केले त्याचे नावही तेच. पॉलने ते नाव तेथून जाणूनबुजून घेतले नाही असे सांगितले आहे. लहानपणी लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलच्या गायनवृंदात निवड न झालेल्या याच पॉलचा ‘लिव्हरपूल ओरॅटोरिओ’ २८ जून १९९१ रोजी त्याच कॅथीड्रलमध्ये सादर झाला. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत आला आणि एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणशाळेत भारतीय वादकांना घेऊन त्याने काम केले.

आणि जे प्रसिद्ध झाले नाहीत त्यांचे काय? बँजोवाला रॉड डेव्हिस, ड्रमवाला कॉलिन हँटन हे आपापल्या मार्गाने नोकरी-व्यवसायात गेले. १९९७ साली मेळ्याला चाळीस वर्षे झाली, तेव्हा जुने क्वारी मेन पुन्हा एकत्र आले, सेंट पीटर्सला वाजविले, आणि नंतरही वाजवीत राहिले. आमच्या मते धर्मग्रामाच्या व्यासपीठाचे यश मोजावयाचे तर या मंडळींवरूनच मोजावे. जगात नाव झाले नाही, तरी साठीतही वाद्य हातून सुटले नाही.

त्या संध्याकाळी तरुण मंडळातील बॉब मॉलिनू या मुलाने सभागृहातील दोन गाणी आपल्या ग्रुंडिग यंत्रावर सहज मुद्रित केली. ती फीत १९९४ मध्ये लिलावात ७८,५०० पौंडांना विकली गेली. सभागृहातील लाकडी व्यासपीठ आज लिव्हरपूलच्या संग्रहालयात मांडलेले आहे. त्या फळ्यांना १९५७ साली कोणी मोल दिले नसते.

वसईत काय आणि मुंबईत काय, आपल्या धर्मग्रामांच्या सणांना मंडप पडतो, दिव्यांच्या माळा लागतात, दूरचा नावाजलेला बँड मोठे मानधन देऊन आणला जातो. त्याला आमचा विरोध नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत सव्वाचारची ती फट आपल्याच आळीतील चार मुलांसाठी ठेवावी. त्यांना शब्द आठवले नाहीत तर हसू नये. ती पत्रिका जपून ठेवावी, तिच्यावर त्यांची नावे पूर्ण लिहावीत, आणि ती चर्चच्या दप्तरात पायाभरणीच्या कागदांशेजारी ठेवावी.