मागावरून गिरणींत, गिरणींतून पुन्हा मागावर

सोलापूर हें बहुतांशीं परगांवाहून आलेल्या माणसांनीं वसविलेलें शहर होय. त्यांत पद्मशाली विणकरांची हकीकत विशेष मननीय आहे. तेलंगणांतील करीमनगर, वरंगळ, महबूबनगर या भागांतून हीं कुटुंबें पिढ्यानपिढ्या येत राहिलीं व शहराच्या पूर्वभागांत स्थिरावलीं. येथें १८६० सालीं आगगाडी आली. १८७७ सालीं लोकांची 'जुनी मिल' सुरू झाली.

आजा घरच्या हातमागावर लुगडीं विणी. आजी कांड्या भरी, मुलें हाताखालीं राबत. मजुरी मात्र एकट्या आजाच्या नांवें पडे. पुढील पिढींतील पुष्कळांनीं गिरणीची वाट धरली. तेथें भोंग्याचा जाच होता खरा, पण महिन्याचा पगार निश्चित होता.

यावरून मुलगा बापाहून व नातू मुलाहून अधिक मिळवील असें वाटावें. रान अब्रामित्झ्की व लिआ बूस्तान या अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील जुन्या जनगणनेच्या नोंदी जुळवून २०२२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गरीब परदेशस्थांचीं मुलें तेथल्याच गरिबांच्या मुलांपेक्षां अधिक वर चढलीं असें दिसतें. याचें एक मोठें कारण हें कीं, जेथें काम वाढत होतें तेथेंच त्यांच्या आईबापांनीं बिऱ्हाड केलें. आमच्या विणकरांनींहि तेंच केलें होतें. पण गांवाचेंच दैव फिरलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जुन्या गिरण्या बंद पडल्या. गिरणीकामगाराचा मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यांत चादरी व टॉवेल विणूं लागला. बापाचा कायम पगार व निवृत्तीची पुंजी बहुतेकांच्या वांट्यास आली नाहीं. थोडे स्वतः कारखानदार झाले. त्यांच्याकडे बोट दाखवून सारा समाज सधन झाला असें बोलण्याची रीत आहे. ती मला मान्य नाहीं.

धर्मग्रामाच्या नोंदवहींत बापाचा धंदा एका शब्दांत लिहितात. तेवढ्यानें घराची मिळकत कळत नाहीं. येथील पुष्कळ घरें विड्या वळणाऱ्या स्त्रियांनीं तारलीं. हजार विड्यांमागें मिळणारी त्यांची मजुरी तुटपुंजी. परंतु गिरणीचें दार लागलें त्या दिवसांतहि ती घरांत येत राहिली. १९६६ च्या कायद्यानें त्यांना कामगाराचे हक्क दिले. विडी कामगारांसाठीं कुंभारी येथें दहा हजार घरांची वसाहत उभी राहून २००६ सालीं तिचें लोकार्पण झालें. भाड्याच्या खोलींत जन्म काढलेल्या बाईच्या नांवें घर होणें, ही मिळकतींतील वाढ पगाराच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

तिचीं नातवंडें कुचन प्रशालेसारख्या शाळांतून शिकलीं. त्यांतील कांहीं नोकरीसाठीं पुण्यास जातात, कांहीं हैदराबादेस. ज्या मुलखांतून पणजोबा पोटासाठीं निघाले, त्याच मुलखाच्या राजधानींत, घरीं बोललेली तेलुगु बरोबर घेऊन.